रक्ताच्या नात्यातली चरबी

अपुऱ्या दिवसांची जन्मलेल्या, काचपेटीत ठेवलेल्या आक्कासाहेबांच्या तान्ह्या पणतीच्या अंगात ऊब टिकावी म्हणून चरबी भरायची होती आणि अशी बाळे रक्ताच्या नात्याखेरीज कुणाचीही चरबी स्वीकारत नसत. आक्कासाहेबांनी सारे घराणे चरबी मोजणाऱ्या यंत्रापुढे उभे केले. पहाटेची तालीम आणि मोजकी भाकरी यांवर त्यांनीच घडवलेली ती पिळदार शरीरे तपासून डॉक्टर म्हणाले, "सगळे स्नायूच आहेत. देण्याजोगे काहीच नाही."

आक्कासाहेबांचा धाकटा मुलगा मल्हारी अजून दाराआडच घुटमळत होता.

"सदरा वर कर," आक्कासाहेबांनी फर्मावले.

त्याने पोटावर आवळलेला पट्टा सोडला. पोट पुढे आले. "आक्का, सोमवारपासून जोर काढणारच होतो."

"बारशाआधी तालमीत पाऊल टाकलंस, तर तंगडं मोडीन!"