पानावरचा पाहुणा

"पोळ्या काय मऊ झाल्यात!" वसतिगृहाचे सचिव जेवता जेवता म्हणाले. पोळ्या रंजनाच्या होत्या. ती हंगामी, तिला कायम करा, असं आज सचिवांना सांगायचं शोभाताईंनी कबूल केलं होतं.

शोभाताई स्वयंपाकघराच्या मुख्य. कमीत भागवायचं त्या आईकडून शिकल्या होत्या. आमटीत आधणाचं पाणी ओतावं, घरच्यांनी पोट भरल्याचं सांगावं, पण पानावरच्या पाहुण्यापुढं घरातलं उणं काढू नये. एवढ्याच भांडवलावर त्यांची नोकरी बिनबोभाट चालली होती.

"माणसं पुरतात ना, ताई?" सचिवांनी विचारलं.

रंजनाचं लाटणं थांबलं.

"पुरतात की. तुम्ही सावकाश जेवा," ताई वाढता वाढता सवयीनं बोलून गेल्या.

"उत्तम! मग ती हंगामी जागा महिनाअखेरीस बंद करू."

जेवण उरकल्यावर विषय काढू, असं ताईंनी ठरवलं. सचिव हात धुऊन थेट गाडीत बसले.

रंजना पिठाचे हात झटकत म्हणाली, "आमची आई म्हणायची, काम सांगून झाल्याशिवाय पान वाढायचं नाही."

"मग आधी का नाही बोललीस?"

"मी हंगामी ना, ताई."