हात लावू नये

पाच वाजून गेले तरी कॉम्प्युटर चालूच होता. मी आणि माझी भागीदार केतकी त्याच्यासमोर खुर्च्या ओढून बसलो होतो आणि कुणी पापणी लववत नव्हतं.

उन्हावर चालणारा हा आमचा कॉम्प्युटर रोज तीनला मान टाकायचा. शाळा सुटते पाचला. उद्या शाळेची माणसं तो बघायला येणार होती आणि त्यांनी नाही म्हटलं, तर कंपनीला टाळं लावायचं आमचं ठरलं होतं.

"आज काय बदललंस?" मी विचारलं.

"काहीच नाही. मला वाटलं, तूच काहीतरी केलंस."

आम्ही धावत गच्चीवर गेलो. शेजारच्या इंदूअक्का वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होत्या. सकाळी दक्षिणेकडे ठेवलेलं आमचं सोलर पॅनेल आता पश्चिमेकडे तोंड करून तिरकं उभं होतं.

"अक्का, हे तुम्ही फिरवलंत?"

"मग काय! ऊन सरकलं की मी कुरडया सरकवते, तसं यालाही चार वेळा फिरवलं. एका जागी ठेवून कुठं काय वाळतं? एवढी शिकलेली पोरं तुम्ही!"

केतकी हसत हसत खालीच बसली. मी अक्कांच्या पाया पडायला वाकलो, तेव्हा पॅनेलखाली टेकू म्हणून घातलेली लाकडी पाटी दिसली. कालच मी ती स्वतः रंगवून तिथं लावली होती : 'पॅनेलला कोणीही हात लावू नये.'