एकतीस राजीनामे

एकतीसच्या एकतीस जणांनी राजीनामे दिले होते, आणि एकतीसच्या एकतीस जण कल्पनासमोर बसून कचरा निवडत होते. तिनं फॉर्म पुन्हा वाचला. 'राज़ीनामा दिया?' या रकान्यात ठेकेदार राजवीरनं वरपासून खालपर्यंत 'हाँ, हाँ, हाँ' असं ठसठशीत लिहिलं होतं. तळाशी झोकदार सही आणि गोल शिक्का. आता काय म्हणावं या माणसाला!

फॉर्म तिनंच तयार केला होता. पुण्याहून नोएडाला येऊन तिला दीड वर्ष झालं होतं आणि आपल्याला हिंदी उत्तम येतं असा तिचा ठाम समज होता. नव्या सोसायट्यांचा कचरा उचलणाऱ्या कंपनीत ती नोकरी करायची. कंपनीत परदेशी भागीदार आले आणि त्यांनी पहिलीच अट घातली, की कंपनीत काय किंवा तिच्या ठेकेदारांकडे काय, एकही माणूस डांबून ठेवलेला चालणार नाही. ते बघायचं काम कल्पनाकडे आलं. या शेडमध्ये ती आज तिसऱ्यांदा आली होती. बाटल्या एकीकडे, दुधाच्या पिशव्या एकीकडे, पानिपतच्या सूतगिरण्यांना जाणाऱ्या चिंध्या एकीकडे. कुणालाही विचारा, "कोई तकलीफ़?" की पढवल्यासारखं उत्तर यायचं, "नहीं जी."

तकलीफ होती ती राजवीरच्या लोखंडी कपाटात. सगळ्यांची मतदार ओळखपत्रं त्यानं तिथं कुलपात ठेवली होती. कार्डाशिवाय कुणी खोली देत नाही, दुसरीकडे काम मिळत नाही, आणि नाक्यावर पोलीस अडवतात ते वेगळंच. जाणार कुठं माणूस? चार वर्षांत एकही जण शेड सोडून गेला नव्हता. विचारलं की राजवीर गोड हसायचा. "सँभालके रखे हैं मैडम, इनसे खो जाते हैं." त्या हसण्याचा कल्पनाला अस्सा संताप यायचा! आज त्याचा ठेका वाढवायचा की नाही ते ठरणार होतं, आणि तिच्या हातात पुरावा म्हणून काही म्हणता काही नव्हतं.

"हरीश, अरे, हे काय? सगळ्यांनी नोकरी सोडली?" तिनं हळूच विचारलं.

हरीश तिचा सहकारी. फौजी वडिलांचा मुलगा, जन्मापासून दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये वाढलेला. त्यानं फॉर्म पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"गडबड झाली यार, ताई. तुला इस्तीफ़ा लिहायचं होतं. हिंदीत राज़ीनामा म्हणजे समझौता. राजी असल्याचा कागद."

कल्पनाचे कान लाल झाले. दीड वर्षाचं हिंदी एका शब्दात मातीत गेलं होतं. तेवढ्यात तिचा गोंधळ बघून राजवीरच पुढं आला. मॅडमचा विश्वास बसत नाही असं त्याला वाटलं असावं. त्यानं कपाटातून कागदांचा गठ्ठा काढला आणि मोठ्या अभिमानानं तिच्यापुढं ठेवला. "गिन लीजिए मैडम, पूरे इकतीस राज़ीनामे हैं."

हरीशनं वरचा कागद वाचला. 'मैं अपना कार्ड मालिक के पास रखने को राज़ी हूँ और उनकी इजाज़त के बिना काम नहीं छोड़ूँगा.' खाली अंगठा. प्रत्येक कागदावर तेच, फक्त अंगठे वेगळे. कल्पनानं गठ्ठा शांतपणे आपल्या पिशवीत घातला. मग तिची नजर फॉर्मच्या शेवटच्या ओळीवर गेली. ती ओळही तिनंच लिहिली होती, आपल्या त्याच पुणेरी हिंदीत. हसू दाबताना तिला ओठ चावावा लागला.

"राजवीरजी, दस्तख़त आप ही के हैं न?"

"और किसके होंगे जी!"

"तो उसके ऊपर की लाइन पढ़िए. ज़ोर से."

राजवीरनं मोठ्यानं वाचलं, "जिसने राज़ीनामा दिया, उसके काग़ज़ उसी दिन वापस." वाचता वाचता त्याचा आवाज बसत गेला. "मैडम, पर राज़ीनामे का मतलब तो…"

"मतलब जो मर्ज़ी लगा लो जी," हरीश म्हणाला, "काग़ज़ तो आज ही वापस."

कार्डं दिली तर ठेका वाचेल या आशेनं राजवीरनं मुकाट्यानं कुलूप काढलं. ठेका काही वाचला नाही. कल्पनानं तिथूनच साहेबांना फोन लावला, गठ्ठ्यातला एक कागद वाचून दाखवला आणि पाच मिनिटांत निकाल लागला. गठ्ठा कामगार अधिकाऱ्यांकडे जाणार होता आणि शेड उद्यापासून कंपनी स्वतः चालवणार होती.

मग काय विचारता! हरीश नाव पुकारत होता आणि एकेक कार्ड हातात पडत होतं. जुने फोटो बघून एकमेकांची टर उडवणं सुरू झालं. "ये मूँछ किसकी है?" "अरे, मेरी ही थी!" चंद्रप्रभा त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर. महोब्याहून आलेली. तिनं कार्ड पदराला पुसलं, कमरेला खोचलं, पुन्हा काढून पाहिलं, पुन्हा खोचलं. कल्पनाला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्ही लपवायचं तिनं सोडून दिलं.

"जिसको कंपनी में काम करना है, कल सुबह आठ बजे यहीं आ जाए," तिनं सांगितलं.

तीस माना हलल्या. चंद्रप्रभानं हात वर केला.

"मैं कल नहीं आऊँगी."

सगळे तिच्याकडे बघू लागले. दाराशी उभ्या राजवीरनंही मान वळवली. कल्पना लगबगीनं तिच्याजवळ गेली. "क्यों? क्या हुआ?"

चंद्रप्रभानं खूप विचार केला. कारण शोधलं. तिला एकही सापडेना, आणि मग तोंडाला पदर लावून ती खुदकन हसली.

"ऐसे ही."