वाळूत आखलेलं मैदान

कोच नीला गेल्याचं कळलं, त्या दिवशी तस्नीम मुकादम घाटकोपरच्या मॉलमध्ये बर्फावर सराव करत होती. नीलाच्या नवऱ्याने, चंद्रप्रकाशने, तिला स्वतःच फोन केला. पलीकडे वाढदिवसाला आलेल्या पोरांचा गलका चालला होता, म्हणून त्याला ते दोनदा सांगावं लागलं. तस्नीम म्हणाली, "काका, आता माझं कोण बघणार?" आणि लगेच, "सॉरी काका. मी येते."

पहिल्या वाक्याचा त्याला राग आला. तो अजून गेलेला नव्हता.

तरी आज सकाळी, ओहोटीच्या वेळी, जुहूच्या ओल्या वाळूत काठीने रेघ ओढत तोच चालला होता. साठ मीटर लांब, तीस मीटर रुंद. स्केटिंगच्या स्पर्धेत बर्फाचं मैदान एवढं असतं. मॉलमधला बर्फ त्यापुढे दिवाणखान्याएवढा. तिथे शिकून तस्नीमला खोड लागली होती, जरा पुढे गेली की वळायचंच. गेल्या वर्षी परदेशात सगळं मैदान मोकळं असताना ती एका बाजूलाच घोटाळत राहिली आणि उड्या चोख पडूनही शेवटची आली. पेपरात छापून आलं ते वेगळंच. बर्फावर नाचणारी पहिली मुस्लिम मुलगी, आणि डोक्याला बांधलेल्या रुमालाचा मोठा फोटो. शेवटची का आली, ते कुणी छापलं नाही. कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून नीला दर रविवारी हे मैदान वाळूत आखायची आणि तिला त्यात अनवाणी धावायला लावायची. "अख्खा मजला दिलाय तुला, एका खोलीत काय संसार मांडतेस?" असं ओरडायची. चंद्रप्रकाश तेव्हा पिशव्या सांभाळत बसलेला असायचा.

रेघ पुरी झाली. तस्नीम कमरेवर हात ठेवून बघत होती.

"काका, हा तुम्ही प्लॉट आखलाय. कोपरे गोल असतात."

"मग गोल समज."

"मॅडम गोल काढायच्या."

"मॅडम काढायच्या. मला चौकोनच येतो. धाव आता."

ती धावली. हात पसरले, गिरकी घेतली, उडी मारली, पाय वाळूत रुतला तरी तोल जाऊ दिला नाही. सगळं ठीक चाललं होतं. आणि समोरची रेघ चांगली लांब असताना ती वळली.

"तस्नीम, पुढे."

"हो."

दुसऱ्यांदाही तिथेच वळली.

तेवढ्यात कानात इयरफोन घातलेला एक माणूस फिरता फिरता थांबला. "कुठल्या सीरियलचं शूटिंग?"

"शूटिंग नाही, सराव आहे," चंद्रप्रकाश म्हणाला. "बर्फावरच्या स्केटिंगचा."

माणसाने समुद्राकडे बघितलं, मग वाळूकडे. "बर्फ कुठाय?"

"यायचाय."

माणूस हसला नाही. त्याने तस्नीमच्या डोक्यावरच्या काळ्या रुमालाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मुसलमान ना? घरचे सोडतात का हो हे असलं करायला?"

"तुम्ही रेघेवर उभे आहात."

माणसाने पायांकडे बघितलं आणि तो मैदानाच्या आत सरकला.

"बाहेर," चंद्रप्रकाश म्हणाला.

"घरचे डबापण देतात," तस्नीम तिकडून ओरडली. "तांदळाची भाकरी आहे. थांबताय का?"

माणूस पुटपुटत निघून गेला. चंद्रप्रकाशने पुसलेली रेघ पुन्हा ओढली. तस्नीम तिसऱ्यांदा धावली आणि त्याच जागेवरून वळली. त्याने काठी खाली टाकली.

"भिंत आहे का तिथे? कोण अडवतंय तुला?"

"कोणी नाही अडवत." तिला धाप लागली होती. "तिथे कोणी नाहीच आहे, काका. मॅडम त्या कोपऱ्यात उभ्या राहायच्या ना, शिव्या घालत. मी त्यांच्याकडे धावायचे. तुम्ही इथे मध्येच उभे राहता."

नीला कुठे उभी राहायची ते चंद्रप्रकाशलाही ठाऊक होतं. ती बाजू त्याने सगळ्यात शेवटी आखली होती, आखून झाल्यावर लगेच मागे फिरला होता. आता त्याला नीलाचाच राग आला. असं काम अर्धवट टाकून कोणी जातं का?

तो चालत त्या कोपऱ्यात गेला आणि वळून उभा राहिला. तिथून तस्नीम फार लहान दिसत होती. भरती सुरू झाली होती.

"ये," तो म्हणाला.

"ऐकू येत नाही, काका. शिवी घाला."

त्याने उभ्या जन्मात नीलाला काय, कुणालाच शिवी घातली नव्हती. घसा खाकरून तो ओरडला, "ए म्हशी, ये पुढे."

तस्नीम हसली आणि सुटली. नेहमीची वळायची जागा मागे पडली. ती येत राहिली, एवढी जवळ की त्याला तिच्या भुवईवरची वाळू दिसली. मग तिने मान वर केली, समोर तो दिसला, आणि तिचा पाय अडखळला. ती वळली.

लाट त्याच्या घोट्यापर्यंत आली. मागची रेघ गेली, मग बाजूची. तस्नीम गुडघ्यांवर हात टेकून उभी होती.

"उद्या ओहोटी कितीला?" तिने विचारलं.

"आजच्यापेक्षा उशिरा. बघून सांगतो."

स्पर्धेला जायचं विमान शुक्रवारचं होतं. तो कोपरा अजून व्हायचा होता.