माठाच्या गळ्यातला पट्टा

कुत्र्याच्या अंगाला नि मनाला काय वाटतंय ते माणसाच्या बोलीत सांगणारा पट्टा कुमुदने भिंगरीला घातला होता. चंद्रपूरच्या पोस्टात बसून ती दुपारभर मोबाइलवर ऐकत होती, "गार वाटतंय, आई."

ती लवकर घरी आली, तर पट्टा माठाच्या गळ्यात आणि भिंगरी गच्चीवर, तापलेल्या फरशीवर.

"अहो, हे काय?"

"गादीभर केस पडतात तिचे," नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. "तुझ्या जिवाला घोर नको, म्हणून पट्टा माठाला घातला."

कुमुदने भिंगरीला उचलून कूलरसमोर आणलं, पाणी पाजलं, पट्टा बांधला.

"पाय भाजले, आई," पट्टा हळूच बोलला. "सकाळी तूच म्हणालीस, बाबांचं ऐक. मी ऐकलं."