धुतलेला फ्रॉक

टक् करून इस्त्री बंद झाली. घरात तेवढाच आवाज. वृंदाने लेकीच्या, रेवाच्या फ्रॉकची घडी घातली. धाकट्याच्या दम्यामुळे घरच्या कुत्रीला, बुंदीला आज निवारा केंद्रात सोडायचं होतं. तिचा सगळा जीव रेवावर. पण तिथे एका यंत्राने कपड्याच्या वासावरून कुत्र्याच्या डोक्यातलं त्या कपड्याचं माणूस तेवढं पुसून टाकतात, मग कुत्रं झुरत नाही.

केंद्रातल्या थोरातबाईंनी फ्रॉक यंत्रात ठेवला आणि कपाळाला हात लावला.

"अहो ताई, धुऊन आणलात?"

"परक्याच्या हातात मळका कसा द्यायचा..."

"वासच गेला की सगळा! आता पोरीच्या अंगातला स्वेटर द्या."

बुंदी रेवाच्या मांडीत तोंड खुपसून बसली होती. सहा वर्षांच्या रेवाने एक बाही काढली आणि ती थांबली.

"आई, स्वेटर दिला तर बुंदी मला विसरणार?"

"हो, राणी."

"आणि नाही दिला तर रोज माझी वाट बघत बसणार?"

वृंदाने मान डोलावली.

रेवाने दुसरी बाही मुठीत घट्ट धरली. "मग सांग ना गं, मी काय करू?"