उष्णतेचा फोटो

देसांकाने स्वतःच्या छातीचा रंगीत फोटो फ्रिजवर चुंबकाने चिकटवला. “बघ, सगळं निळंहिरवं! कुठे लाल नाही, म्हणजे कॅन्सर नाही.” लेकीचं, यागोदाचं, डोकं सणकलं. “आई, तो कॅमेरा नुसती उष्णता टिपतो. गाठ त्यातून सुटू शकते. मॅमोग्राफी कर म्हणून किती कानीकपाळी ओरडायचं?” “ते मशीन छाती चेपतं. यात पाव तास गार खोलीत उघडं बसायचं, की झालं.” “गार खोलीत? उघडी? तू?” वाऱ्याच्या झोताने माणूस मरतो म्हणत ऐन जुलैत बेलग्रेडच्या बसमध्ये लोकांना खिडक्या लावायला सांगणारी ही बाई! यागोदाने स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. “घे, बस आता झोतात!” आई जागची हलली नाही. काखेशी हात नेत म्हणाली, “मग ही गाठ सुटली असेल का गं?” खिडक्या लावत यागोदा म्हणाली, “कोट चढव, आत्ताच मॅमोग्राफीला जाऊ.”